पटाखालचा पाय

मला फक्त अर्धा गुण हवा होता. अख्ख्याची हाव मी आयुष्यात कधी धरलेली नाही, असं मी त्या रविवारी सकाळी जयेशला ठणकावून सांगितलं. वर हेही सांगितलं की अर्धा गुण म्हणजे काय, तो तर मी पोळी उलटता उलटता आणीन. जयेश माझा नवरा. झुइडास या कचेऱ्यांच्या भागात एका काचेच्या मनोऱ्यात तो दिवसभर संगणक सांभाळतो आणि घरी माझी वाक्यं सांभाळून ठेवतो, पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून.

गोष्ट अशी, की नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखी लागून मी या डच लोकांच्या देशात आले त्याला आता बरीच वर्षं झाली. गडहिंग्लजच्या कॉलेजात मी बुद्धिबळाची ढाल जिंकलेली शर्मिला. पण हूफडॉर्पला आल्यापासून जयेशची बायको आणि मृण्मयीची आई, या दोनच पटांवर खेळत होते. मग बुइटनव्हेल्डर्टच्या एका छोट्या बुद्धिबळ क्लबात जाऊ लागले. तिथे कळलं की बुधवारच्या मुलांच्या वर्गाला शिक्षक हवा आहे. बुधवारी इथल्या शाळा लवकर सुटतात आणि पोरं दुपारभर कुठेतरी नेऊन ओतावी लागतात. मी हात वर केला. कमिटीला मी आवडले. मानधन म्हणजे चहापाण्यापुरतंच, पण या देशात माझ्या स्वतःच्या नावावर येणारं पहिलं. अट एकच होती. शिकवणाऱ्याचं नाव मानांकनाच्या यादीत हवं. आकडा कितीही लहान चालेल, पण हवा. आणि तो मिळायचा तर क्लबच्या महिला स्पर्धेत निदान अर्धा गुण कमवायला हवा, कारण शून्यवालीला ती यादी ओळखच देत नाही.

सहा बायका, प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं. पाच डावांत अर्धा गुण! माझी शेजारीण विशाखा म्हणाली, एवढ्यात तर पाऊससुद्धा पडतो. मी लगेच हूफडॉर्पच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कळवून टाकलं की आता बुधवारची काळजी सोडा.

रविवारी सकाळी मी जयेशपुढे फुशारकी मारत होते तेव्हा चार डाव होऊन गेले होते, आणि चारही मी हरले होते.

माझं डोकं बुद्धिबळाचं आहे हो. बूड नाही. खेळी केली की मला बसवतच नाही. उठते, दुसऱ्यांचे पट बघते, खिडकीतून कालव्यातली बदकं बघते, कॉफीच्या यंत्राशी हितगुज करते. पहिला डाव मी तिथेच हरले. समोरचीने केव्हाच खेळी केली होती, आणि मी कपात फेस किती यावा याचा विचार करत असताना माझं घड्याळ संपलं. दुसऱ्या डावात माझा उंट घरात जरा तिरका उभा दिसला. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसा मी तो सरळ केला. हात लावला म्हणजे तोच मोहरा खेळायला हवा, असा इथला कायदा. खेळले, आणि त्या सरळ उंटामागे अख्खं राज्य गेलं. तिसऱ्या डावात मला मात दिसली. इतका आनंद झाला की दुसरी खेळी मी पहिल्याआधीच केली. चौथ्याचं कारण सांगण्यासारखं नाही. ती माझ्यापेक्षा बरी खेळली.

त्यात आणखी एक खोड. माझी आत्या पिठाच्या गिरणीत डबा घेऊन रांगेत उभी राहिली तरी ओव्या रचायची. ती खोड थेट माझ्यात उतरली आहे. जीव जागेवर नसला की माझ्या डोक्यात आपोआप जातं फिरायला लागतं. चौथा डाव हरून बसने घरी येताना असंच काहीसं आलं:

*घोडं माझं अवखळ, अडीच घरं जाई, बाई,*
*नव्या मुलखाच्या वेशीत, नाव कुणी पुशीत नाही.*

मला स्वतःलाच भरून आलं. शेजारी बसलेल्या माणसाने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

जयेशने रात्रभर विचार करून उपाय काढला होता. हात मांडीखाली दाबून बसायचं. खेळी पक्की झाली की एक हात बाहेर काढायचा, खेळायचं, घड्याळ दाबायचं, हात परत मांडीखाली. उठायचं नाही, कॉफी नाही, बदकं नाहीत. तो आणि मृण्मयी स्वतः येऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसणार होते, मी उठले तर डोळे वटारायला.

पाचवा डाव हेस्टरशी होता. हेस्टर म्हणजे क्लबचा कळस. तिच्या नावापुढे चार आकडी मानांकन आणि माझ्या नावापुढे आडवी रेघ. निवृत्त पशुवैद्य, जन्मभर घोड्यांवर इलाज केलेली. उंची अशी की ती खुर्चीवर बसली तरी उभीच वाटावी. तिचे पाय टेबलाखालून निघून माझ्या खुर्चीपर्यंत येत. या उंच माणसांच्या देशात आपल्याला टेबलाच्या वर हवी तेवढी जागा मिळते, खाली मिळत नाही.

मला अर्धा गुण का हवा आहे हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं. डावाआधी हेस्टर माझ्यापाशी आली आणि इथल्या पद्धतीने, न घुटमळता म्हणाली, "वर्ग तुला मिळावा असं मला मनापासून वाटतं. पण मी फुकट काही देत नाही, हं."

मी म्हटलं, मला फुकट नकोच आहे. हे वाक्यही जयेशने ऐकलं आणि ठेवून दिलं.

डाव सुरू झाला. मी हात मांडीखाली घेतले आणि काय सांगू, चमत्कारच झाला. बसून राहिलं की पट दिसतो! इतकी वर्षं मला कुणी हे का सांगितलं नव्हतं? हेस्टरला वाटलं असणार, रेघवाल्या बाईला झटपट उरकून टाकू. तिने माझ्या राजावर चाल करून जाण्यासाठी एक हत्ती सरळ देऊन टाकला. मी घेतला. तिची चाल ओल्या फटाक्यासारखी फुसफुसून थांबली. आता माझ्याकडे एक हत्ती जास्त होता, आणि एक प्यादं सासरचा रस्ता कापत पार शेवटच्या घरांपाशी पोचलं होतं. अजून थोडं चाललं की त्याचा वजीर होणार. हेस्टरची मान लाल झाली. ती लाली हळूहळू कानांपर्यंत चढली.

पण हात मांडीखाली अडकल्यावर जिवाची तगमग जाणार कुठे? ती खाली उतरली. माझा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा हलू लागला. प्यादं जसजसं पुढे, तसतसं यंत्र जोरात. आणि ऐन रंगात माझ्या बुटाचं टोक हेस्टरच्या नडगीवर खाडकन बसलं.

आता तुम्हीच सांगा, पाय लागल्यावर आपण काय करतो? विचार करतो का? श्वास घ्यायचा विचार करतो का? माझा उजवा हात मांडीखालून सुटला आणि पटावरून थेट हेस्टरच्या दिशेने गेला. तिच्या हाताला लावायचा आणि आपल्या कपाळाला लावायचा, एवढंच.

हेस्टरने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पटाकडे, मग माझ्याकडे. आणि उन्हातान्हातून आलेल्याला कुणी पाण्याचा तांब्या द्यावा, तसा तिचा चेहरा निवला. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि हलवला. "मान्य," ती म्हणाली. "मोठं मन आहे तुझं."

मला वाटलं, नुसता पाय लागला तर केवढं कौतुक! मी म्हटलं, कसलं मोठं मन, माझंच चुकलं. पण नमस्कार अर्धाच राहिला होता. हात तिच्या हातात, तो कपाळापर्यंत यायचा कसा? मग मीच वाकले आणि कपाळ तिच्या हाताला टेकवलं. हेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. घोड्यांच्या अडलेल्या बाळंतपणात जी रडली नसेल, ती बाई माझ्या नमस्काराने गहिवरली. आणि तिने घड्याळ बंद केलं.

घड्याळ का बंद केलं, हे मला तिच्या कागदावर अर्धा गुण लिहिलेला दिसला तेव्हा कळलं. बुद्धिबळात समोरच्यापुढे हात करणं म्हणजे डाव मिटवणं. मी जिंकत होते, म्हणजे हार मानत नसणार. मला अर्धाच गुण हवा आहे हे जगजाहीर. म्हणजे मी बरोबरी मागितली, आणि तिने आनंदाने दिली.

झालं की! अर्धा गुण हातात होता. कुठलीही शहाणी बाई तिथे कागदावर सही करून बदकं बघायला गेली असती.

पण मी पटाकडे पाहिलं. माझा जास्तीचा हत्ती ढेरी पुढे काढून उभा होता. माझं प्यादं उंबऱ्याशी माप ओलांडायला थांबलेल्या नवरीसारखं उभं होतं. 'हेस्टरला हरवलं' हे दोन शब्द मला ग्रुपवर झळकताना दिसले. त्याखाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात, ओळीने. दूर खुर्चीवरून जयेश मला एक बोट दाखवत होता, मधोमध दुमडलेलं. अर्धं बोट. मला वाटलं, तो म्हणतोय, लढ.

मी म्हटलं, मी बरोबरी मागितलीच नाही.

पंचांना बोलावलं गेलं. कॉर त्यांचं नाव, पांढऱ्या मिशांचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, मग हात कशासाठी पुढे केला? आता हे सगळं माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये सांगायचं होतं. मी म्हटलं, माझा पाय तिला लागला म्हणून. ते म्हणाले, पाय लागल्यावर हात कशाला? मी म्हटलं, समोरच्यात देव असतो. त्यांनी हेस्टरकडे पाहिलं. त्यांना तसं काही दिसलं नसावं.

शेवटी मी करूनच दाखवलं. कॉरच्या बुटाला हलकेच पाय लावला, त्यांच्या बाहीला हात लावला, तो कपाळाला लावला. त्यांनी बारकाईने चौकशी केली. बूट घातलेले असले तरी? हो. चुकून लागला तरी? चुकूनच लागतो. आणि माणसालाच, की वस्तूलाही? मला तेव्हा नको इतका जोर चढला होता. मी म्हटलं, पुस्तकाला, पैशाला, धान्याला, झाडूला, ज्याला पाय लावू नये त्या सगळ्याला. बाकीच्या बायकांचे डाव संपले होते. त्या भोवती जमल्या आणि एकमेकींना हळूच लाथा मारून नमस्कार करून बघू लागल्या. एकीला तो इतका आवडला की तिने कॉफीच्या यंत्रालाही केला.

कॉरनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा निवाडा दिला. पाय लागल्यामुळे पुढे आलेला हात म्हणजे प्रस्ताव नव्हे. डाव पुढे चालू.

मी जिंकले! म्हणजे वाद जिंकले. हेस्टरने कागदावरचा अर्धा गुण खोडला आणि सरळ मनाने म्हणाली, रिवाज सुंदर आहे, आमच्याकडे लोक सॉरीसुद्धा अर्धवट म्हणतात. खुर्चीवर जयेशने ते अर्धं बोट दुसऱ्या मुठीत घेतलं आणि डोळे मिटले.

पुन्हा तंटा नको म्हणून मी दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना वेलासारखे गुंडाळून घेतले. हात मांडीखाली. आता तगमगीला ना वर वाट होती, ना खाली. ती डोक्यात गेली.

*प्यादं निघालं पायी, वाट चालूनिया दमलं,*
*वजिराच्या पागोट्यात, त्याचं घरटंच हरवलं.*

ओवी छान जुळत होती. दुसऱ्या ओळीचा शेवट घोळवता घोळवता मी प्यादं पुढे ढकललं, त्याचा वजीर केला, आणि राजा कुठे उभा आहे ते बघायचं राहिलं. हेस्टरने घोडा उचलला. ती घोड्यांची डॉक्टर, घोडा तिचं ऐकणार नाही तर कुणाचं? तो अडीच घरं उडून अशा जागी बसला की त्याचा एक डोळा माझ्या राजावर आणि दुसरा माझ्या कोऱ्याकरकरीत वजिरावर. राजा हलवावाच लागला. वजीर गेला. मागोमाग हत्ती गेला. माझ्या बाजूला लग्नघर आवरल्यावर उरते तेवढी शांतता पसरली.

अजून चार-सहा खेळ्यांत मात दिसत होती. बुधवार डोळ्यांसमोरून चालत गेला. आणि तेवढ्यात, काय सांगू तुम्हाला, हेस्टरचा लांबलचक हात पटावरून माझ्याकडे आला.

देवमाणूस, मी मनात म्हटलं. जिंकत असताना बरोबरी देते आहे. मी मांडीखालून दोन्ही हात उपसले, तिचा हात घट्ट धरला, "मान्य!" म्हणाले आणि घड्याळ बंद केलं. आनंदाने माझे डोळे भरले.

हेस्टर गोंधळून गेली होती. "नाही नाही," ती म्हणाली, "माझा पाय लागला तुला."

कॉर पुन्हा आले. मघाच्यापेक्षा थकलेले दिसले. मी तावातावाने सांगितलं की पाय लागणं शक्यच नाही, माझे पाय खुर्चीला बांधलेले आहेत. हवं तर बघा. सगळ्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. माझे पाय खरंच तसेच होते. त्यांच्या शेजारी माझी कापडी पिशवी होती, आणि तिच्यावर हेस्टरच्या बुटाचा ठसा.

पिशवीला लागला होता. हेस्टरला वाटलं मला.

मग कॉर माझ्याकडे वळले. या प्रश्नातलं जाणकार त्या सभागृहात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी अदबीने विचारलं, "पिशवीला पाय लागला, तर तुमच्याकडे हात पुढे करतात का?"

पिशवी ती, तिला कसला नमस्कार, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. हेस्टरचा हात बरोबरीचा ठरला असता. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून मृण्मयी स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "आई, त्यात माझं लायब्ररीचं पुस्तक आहे."

माझी ही लेक. मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की डच किंवा इंग्रजी. पुस्तकाला पाय लावला म्हणून मी तिला जन्मल्यापासून रागवत आले आहे. सोफ्यावरून, पलंगावरून, सायकलच्या टोपलीवरून. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, नमस्कार केला आणि पुस्तक उचललं. आता ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. मला ते येतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

"करतात," मी म्हटलं. "पुस्तक असलं तर करावाच लागतो."

कॉर म्हणाले की निवाडा मग मघाचाच. पाय लागल्यामुळे पुढे आलेला हात म्हणजे प्रस्ताव नव्हे. पण आता शर्मिलाबाईंनी बरोबरी मान्य म्हटलंच आहे, तर ते त्यांच्याकडून मागणं समजता येईल. हेस्टरला द्यायची आहे का?

हेस्टरने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. "नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मी जिंकते आहे."

पुढे फार काही उरलं नव्हतं. थोड्या खेळ्या झाल्या, राजाला पळायला घर राहिलं नाही, आणि मी हात पुढे केला. हेस्टरने तो धरला नाही. आधी वाकून टेबलाखाली पाहिलं, मग वर येऊन शंकेने विचारलं, "हा कुठला?"

"हा हरल्याचा," मी म्हटलं.

बाहेर बसथांब्यावर वारं सुटलं होतं. मृण्मयी पिशवीतलं पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचत होती. जयेशकडे माझी दिवसभराची वाक्यं साठलेली होती, पण त्याने एकही बाहेर काढलं नाही. गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि बसचं वेळापत्रक वाचत राहिला, जणू ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. तेवढ्यात विशाखाचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. मिळाला का अर्धा, एवढंच विचारलं.

"मिळाला होता," मी म्हटलं. "मी भांडून परत केला."